टिपणीसकाकांचं न फोडलेलं खोकं

"अरेरे! पुन्हा ड्रॅगन!"

मेलबर्नमधल्या ग्लेन वेव्हर्लीच्या शॉपिंग सेंटरजवळच्या एका गेमिंगच्या दुकानात, भर शनिवारी दुपारी, टिपणीसकाका कपाळाला हात लावून उभे होते. दुसऱ्या हातात लाल रंगाचा, पंख पसरलेला, नखांपर्यंत बारकाईने रंगवलेला एक ड्रॅगन होता. आजूबाजूला जी मंडळी जमली होती ती याच ड्रॅगनसाठी महिनोन्महिने खोकी फोडत होती. त्यांच्यातल्या एका दाढीवाल्या माणसाच्या घशातून तर चक्क हुंदका बाहेर पडला. आणि काका माझ्याकडे वळून म्हणाले, "निखिल, आजचा दिवस फुकट गेला रे."

मी त्या दिवशी नुसता ड्रायव्हर होतो. काकांची गाडी सर्व्हिसिंगला गेली होती आणि "दहा मिनिटांचं काम आहे" असं सांगून त्यांनी मला उचललं होतं. निवृत्त माणसाचं दहा मिनिटांचं काम म्हणजे बँक, पोस्ट किंवा कोथिंबीर असा माझा समज. सत्तरीकडे झुकलेला, अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि कडक इस्त्रीची पँट घातलेला हा माणूस मला राक्षस, जादूगार आणि भुतांच्या दुकानात घेऊन जाईल हे मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

ज्यांना या जगाची कल्पना नाही त्यांच्यासाठी सांगतो. काल्पनिक लढायांचा एक खेळ असतो, टेबलावर खेळायचा. त्यात अंगठ्याएवढी प्लॅस्टिकची रंगवलेली माणसं, जनावरं आणि राक्षस लागतात. त्यांना मिनी म्हणतात. हे मिनी सीलबंद खोक्यात विकतात. एका खोक्यात चार. तीन साधेसुधे, म्हणजे भालेवाले, धनुर्धारी वगैरे, आणि चौथा दुर्मीळ. कुठला, ते खोकं फोडल्याशिवाय कळत नाही. खोक्यावर सगळ्यांत मोठं चित्र अर्थातच ड्रॅगनचं असतं, आणि तो सहसा निघत नाही. म्हणून लोक आणखी एक खोकं घेतात, मग आणखी एक. धंदा असा चालतो.

काकांचं सगळंच उलटं. त्यांना तीन साधेसुधे हवे असतात, चौथ्याशी त्यांचं काही देणंघेणं नसतं. ते सरळ त्या हुंदकेवाल्या माणसाकडे गेले आणि त्यांच्या खास पुणेरी इंग्रजीत म्हणाले, "यू आर हॅविंग फूट सोल्जर्स?" त्या बिचाऱ्याने घाईघाईने पिशवी टेबलावर उलटी केली, न जाणो म्हाताऱ्याचा विचार बदलला तर! काकांनी एकेक शिपाई काउंटरवर उभा करून पाहिला. "हा डुलतोय. पहाऱ्यावर चालायचा नाही," म्हणून दोघातिघांना नापास केलं, बाकीचे खिशात भरले आणि ड्रॅगन देऊन टाकला.

दुकानाचा मालक ब्रेट, सहा फुटांचा, हातभर गोंदवलेला माणूस, मान हलवत म्हणाला, "टिप, मेट, यू गॉट रॉब्ड अगेन."

"नो वरीज," काका म्हणाले. "ही हॅज वन ड्रॅगन. आय हॅव होल रेजिमेंट. हू विल विन?"

ब्रेटने मला नंतर बाजूला घेऊन सांगितलं की हे वर्षानुवर्षं असंच चालू आहे. अपवाद फक्त एकदाच झाला. फार वर्षांपूर्वी काकांनी साठवलेले सगळे ड्रॅगन एकाच दिवशी आणून काउंटरवर ओतले होते आणि बदल्यात फक्त एक घोडेस्वार राजा नेला होता. दुकानात ती गोष्ट अजून सांगतात. तो राजा पुढे कोणी पाहिला नाही.

टिपणीसकाका आमचे शेजारी. दोन घरांत एकच कुंपण, आणि त्यातली एक फळी काकांनी स्वतःच सैल करून ठेवली आहे, म्हणजे भाजीचा डबा इकडून तिकडे देता येतो. निवृत्त होईपर्यंत ते डँडेनॉन्गच्या बाजूला एका कारखान्यात पॅकेजिंग इंजिनियर होते. कारखान्यात काय बनतं असं कोणी विचारलं की ते छाती पुढे काढून सांगत, "खोकी!" बिस्किटं बनवणाऱ्या, औषधं बनवणाऱ्या लोकांबद्दल त्यांना थोडी दयाच वाटते. "माल काय, कुणीही बनवतो. पोचवतो कोण? खोकं!"

आम्ही इथे राहायला आलो त्या दिवशी ट्रक दारात उभा होता आणि काका कुंपणापलीकडून आले. मला वाटलं, मदतीला आले. ते एकाही सामानाला हात न लावता आमच्या खोक्यांभोवती फिरले. मग एका खोक्यावर बोटाने टकटक करून माझ्या बायकोला, मुग्धाला, म्हणाले, "यात काच आहे. पण आता ती डिनर सेट राहिलेली नाही." उघडून पाहिलं तर माझ्या आईने दिलेल्या डिनर सेटचा चुरा झाला होता. "पॅक कुणी केलं?" काकांनी विचारलं. मुग्धाने माझ्याकडे पाहिलं. त्या दिवसापासून आमच्या घरात काकांच्या शब्दाला जी किंमत आहे ती माझ्या शब्दाला नाही.

काकांना खोकं फाडलेलं बघवत नाही. मुग्धाच्या वाढदिवसाला कोणीतरी भेटीचा कागद टराटरा फाडायला घेतला तेव्हा ते "थांब, थांब" करत उठले. खिशातून कानशीने घासून पातळ केलेली लोण्याची सुरी काढली आणि एकेक चिकटपट्टी सोडवायला बसले. मेणबत्त्या केकवर वितळून गेल्या, पण कागद अख्खा निघाला. सुपरमार्केटमध्ये ते कॉर्नफ्लेक्सच्या खोक्याची झडप उघडमीट करत उभे राहतात. काकू सगळी खरेदी उरकून, पैसे देऊन, गाडीत जाऊन बसलेल्या असतात.

काकू, म्हणजे वसुधाकाकू, फार बोलत नाहीत, पण बोलल्या की पुरे असतं. "आमच्या लग्नात लोकांनी आहेर आणले," त्या सांगतात. "यांनी आहेर काढून मला दिले आणि खोकी स्वतः ठेवून घेतली." त्यांचं गॅरेज दोन गाड्यांचं आहे. दोन्ही गाड्या बाहेर उभ्या असतात, मेलबर्नच्या गारा खात. आत सपाट करून, दोरीने बांधून, आकारानुसार रचलेली खोकी झोपलेली असतात.

मिनींच्या खोक्यांच्या बाबतीत काकांची स्वतःची विद्या आहे. "आत काय आहे ते खोक्यालाच विचारावं," असं म्हणून ते खोकं कानाशी नेतात आणि हलकेच हलवतात. भालेवाला खडखडतो. धनुर्धारी नुसता घासतो. घोडा ठक्क वाजतो. "ड्रॅगन लबाड. त्याचे पंख मोडू नयेत म्हणून त्याला कापसात गुंडाळतात. त्यामुळे तो बोलतच नाही. मी फसतो तो तिथेच." ब्रेटच्या दुकानात पाटी आहे, खोकी हलवू नयेत. तिच्याखाली पेनने लिहिलंय, टिप सोडून. ड्रॅगन टाळण्यासाठी खोकी हलवणाऱ्या गिऱ्हाइकाला कोण कशाला अडवेल?

आणि एक गोष्ट सांगायलाच हवी. एकदा आम्ही रविवारच्या बाजारात गेलो होतो. तिथे एक माणूस ही खोकी निम्म्या किमतीत विकत होता. काकांनी एक उचललं, झडपेवरून अंगठा फिरवला आणि त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी ते मला दाखवलं. कारखान्यात मशीन झडपेच्या आत गोंदाचे ठिपके टाकतं. या खोक्यावर गोंदाची रेघ होती. कोणीतरी खोकं उघडून, आतला दुर्मीळ मिनी काढून घेऊन, साधा टाकून परत चिकटवलं होतं. "मशीन ठिपके टाकतं, हात रेघ ओढतो!" काका म्हणाले. काका चिडलेले मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. "सील म्हणजे शब्द असतो रे. शब्द देऊन फसवायचं? हा माणूस खून करेल उद्या!" तो दुकानदार खून करण्याच्या बेतात दिसत नव्हता, पण काका घरी येईपर्यंत धुमसत होते.

आता एवढ्या शिपायांचं काका करतात काय, तर किल्ला.

टिपणीस कुटुंब इथे आलं तेव्हा त्यांची मुलगी सानिका लहान होती. पुण्याला सोसायटीत दरवर्षी किल्ला करायची सवय, तेव्हा इथे आल्यावर पहिल्या दिवाळीला किल्ला हवाच. काकांनी पुण्याहून येताना मातीचे मावळे आणले, तोफा आणल्या आणि महाराज आणले. ते वाटेत फुटू नयेत म्हणून या पॅकेजिंग इंजिनियरने जगातलं सर्वोत्तम, पिढ्यान्‌पिढ्या पारखलेलं पॅकिंग वापरलं. भाताचा पेंढा! विमानतळावर क्वारंटाइनच्या बाईंनी खोकं उघडलं, पेंढा पाहिला, त्यातले किडे पाहिले आणि अख्खं सैन्य, महाराजांसकट, पिवळ्या पिशवीत गेलं. बाई फार सभ्य होत्या, काका सांगतात. त्यांनी प्रत्येक मावळा हळू उचलला. "आयुष्यात पॅकिंगमध्ये एकदाच चुकलो," एवढंच काका त्यावर म्हणतात.

सानिका त्या दिवशी विमानतळावर गाडी मिळेपर्यंत रडत होती. काकांनी तिला कबूल केलं, "इथले मावळे शोधू. महाराजसुद्धा येतील, खोक्यातून." आणि मग बापलेक मावळ्यांच्या शोधात फिरता फिरता ब्रेटच्या दुकानात शिरले.

त्यामुळे ग्लेन वेव्हर्लीतल्या या किल्ल्यावर जे सैन्य आहे ते पाहण्यासारखं आहे. कुऱ्हाडवाले दाढीचे बुटके हे घाटावरचे गडी. टोकदार कानांचे धनुर्धारी कोकणातले, "कारण ते कुणाचं ऐकत नाहीत." सांगाडे, गॉब्लिन आणि डबक्यातले बेडूकमानव म्हणजे गनीम, ते खाली खंदकापाशी. बैलाच्या तोंडाचा एक राक्षस काही केल्या कुठेच बसेना, म्हणून त्याला गुरांच्या गोठ्यावर नेमलंय. इथे दिवाळी वसंतात येते, तेव्हा मॅगपाय पक्षी घरट्याच्या राखणीसाठी डोक्यावर झेपा टाकत असतात. काका सायकलचं हेल्मेट घालून चिखल थापतात. डँडेनॉन्गच्या फॉस्टर स्ट्रीटवरच्या देशी दुकानातून आणलेले हळीव तटावर पेरतात. समोरच्या लिनबाई दरवर्षी कौतुकाने विचारतात, "लव्हली, टिप. इज इट फॉर मिनी गोल्फ?" काका दरवर्षी तितक्याच उत्साहाने अफझलखानापासून सुरुवात करतात आणि लिनबाईंचा चहा निवून जातो.

एवढं सगळं असून बालेकिल्ल्यावरचं सिंहासन मात्र मी पहिल्यापासून रिकामंच पाहत आलो. पहिल्या वर्षी मी विचारलं, "काका, महाराज?"

"येतील," काका म्हणाले आणि तटाला पाणी मारायला लागले.

त्यांच्या देवघरात, गणपतीच्या डाव्या अंगाला, मिनींचं एक सीलबंद खोकं आहे. जुनं, रंग उडालेलं, आता ती मालिका मिळतही नाही. खंडेनवमीला काका शस्त्रं म्हणून टेपगन, कटर आणि ती लोण्याची सुरी पूजतात, तेव्हा या खोक्यालाही कुंकू लागतं. मला वाटायचं, संग्राहकांची असते तशी काहीतरी हौस असेल. ब्रेटने एकदा ते मागितलं होतं. काका म्हणाले, "सील तुटलं की माल जुना होतो." विषय संपला.

यंदा दिवाळीच्या आधी मी आणि मुग्धा काकूंकडे चिवड्याचे पोहे निवडायला बसलो होतो. बाहेर काका मॅगपायशी मराठीत भांडत होते. काकू खिडकीतून बघत एकदम म्हणाल्या, "यंदा शेवटचा किल्ला. गुडघे राहिले नाहीत त्यांचे. पुढच्या वर्षी करायचा नाही म्हणतायत." मग म्हणाल्या, "ते खोकंही ब्रेटला देऊन टाकीन म्हणाले."

"पण ते तर देवघरात..." मुग्धा म्हणाली.

"ते सानिकाचं आहे," काकू म्हणाल्या. "आमच्याकडे महाराज घरातल्या लेकराने बसवायचे, अशी रीत. ती मेडिकलला सिडनीला गेली, त्या वर्षी यांनी ते खोकं आणलं. कानाशी लावून मला म्हणाले, घोडा आहे, राजाच आहे. दिवाळीला आली की तिच्या हाताने फोडू. त्या दिवाळीला तिची परीक्षा. मग इंटर्नशिप, मग रोस्टर. इथे दिवाळीला सुट्टी नसते, पोरीचा काय दोष? येते ती, नाताळात येते, ईस्टरला येते. पण तेव्हा किल्ला नसतो. आणि हे एकदा तरी म्हणतील का, की बाई, दिवाळीला ये? फोनवर 'नो वरीज' म्हणतात आणि गॅरेजमध्ये जाऊन बसतात."

इतकी वर्षं मी त्या माणसाच्या गमती लोकांना सांगून हशा पिकवत होतो. तो दरवर्षी एका माणसासाठी अख्खा गड बांधतो, आणि तिला ते सांगत नाही, हे मला ठाऊकच नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

मुग्धा माझ्यासारखी वाईट वाटून घेत बसत नाही. तिने अंगणात जाऊन किल्ल्याचा फोटो काढला, बालेकिल्ल्याच्या अगदी जवळून, आणि सानिकाला पाठवून दिला. खाली लिहिलं, 'हॅपी दिवाळी! शेवटचा किल्ला, बरं का.'

सानिका आता डॉक्टर आहे, सिडनीतच कॅसल हिलला राहते. तासाभरात तिचा फोन आला. "मुग्धा, हँग ऑन. सिंहासन एम्प्टी का आहे?"

मुग्धाने सांगितलं.

"वेट, ते देवघरातलं खोकं? सेम बॉक्स? आय थॉट इट वॉज अ कलेक्टर थिंग! मी एकदा विचारलं होतं त्याला. ही सेड सील तुटलं की माल जुना होतो." मग ती म्हणाली, "त्याने मला कधी सांगितलंच नाही गं." आणि शेवटी, "लीव्ह इट विथ मी. शिफ्ट स्वॉप करता येते का बघते. बाबाला सांगू नका, नाही जमलं तर तो परत नो वरीज म्हणेल."

त्यानंतरचे दिवस आम्ही कसे काढले ते आमचं आम्हाला माहीत. काका रोज फळीतून डोकं घालून किल्ल्याची प्रगती सांगत आणि मी काहीतरी बोलून जाईन म्हणून मुग्धा माझ्या पायावर पाय ठेवून उभी राहत असे. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी काकांनी ते खोकं देवघरातून काढून, फडक्याने पुसून, दाराजवळच्या टेबलावर ठेवलेलं मी पाहिलं. ब्रेटकडे न्यायचं म्हणून. सानिकाचा काहीच निरोप नव्हता.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दुपारी काका हेल्मेट घालून, गुडघ्याखाली उशी घेऊन, तटावर शेवटचे शिपाई लावत होते. आम्ही दोघं, काकू आणि लिनबाई बाजूला उभे. बाजूचं फाटक वाजलं.

"बाबा, तुझा तो धनुर्धारी उलटा उभा आहे," सानिका म्हणाली.

काकांनी मान वळवली. हेल्मेट एका बाजूला सरकलं होतं. ते उठायला गेले, गुडघ्यांनी साथ दिली नाही, पुन्हा खाली बसले. "अगं, तुझी शिफ्ट?" एवढंच म्हणाले.

"स्वॉप केली." ती त्यांच्याजवळ चिखलातच बसली, चांगल्या कपड्यांनिशी. "महाराज कुठे आहेत? मी बसवायला आलेय."

काकूंनी खोकं आणलं. काकांचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता, पण का कोण जाणे, थोडा घाबरलेलाही वाटत होता. सानिकाने आधी खोकं कानाशी नेलं आणि हलवलं. ठक्क. "घोडा," ती म्हणाली. काकांनी खिशातून लोण्याची सुरी काढून दिली.

तिने झडपेत सुरी सरकवली आणि खोकं उघडलं. मी अगदी शेजारी उभा होतो, म्हणून मला दिसलं. झडपेच्या आत गोंदाचे ठिपके नव्हते. रेघ होती. बारीक, एकसारखी, सरळ रेघ.

आतून घोड्यावरचा राजा निघाला. कारखान्यातून निघतो तसा नव्हता. त्याच्या मुकुटावर कोणीतरी अत्यंत बारीक कुंचल्याने रंग चढवून जिरेटोप केला होता, मोत्याचा तुरा काढला होता, पांढऱ्या दाढीची काळी टोकदार दाढी केली होती. ते सगळे ड्रॅगन एकाच दिवशी कुठे गेले, ते मला कळलं. सीलशी खेळणाऱ्याला खुनी म्हणणाऱ्या टिपणीसकाकांनी आयुष्यात एक सील स्वतः फोडून पुन्हा चिकटवलं होतं. मुलीला नुसता राजा देऊन भागणार नव्हतं. खोक्यातून येतील हा शब्द दिला होता ना!

सानिका खोक्यांच्या माणसाची मुलगी. तिने झडपेवरून अंगठा फिरवला. एकदा, सावकाश. मग क्षणभर ती नुसतीच झडपेकडे बघत राहिली आणि तिचे डोळे भरून आले.

काका जमिनीकडे बघत होते.

"बाबा!" ती ओरडली, सगळ्या अंगणाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. "रेअर निघाला! कसलं लक आहे आपलं!"

"बघ, मी म्हटलं नव्हतं?" काका म्हणाले, आणि मग त्यांनी हेल्मेट काढलं, कारण तोंड पुसायला ते आड येत होतं. महाराज घोड्यासकट सिंहासनावर बसले. लिनबाईंनी जोरात टाळ्या वाजवल्या. त्यांना अजून हे गोल्फच वाटत असणार.

सानिका भाऊबीजेपर्यंत राहिली. माझ्याकडून ओवाळणी उकळली, काकूंच्या करंज्या डब्यात भरल्या, पण डबा भरताना काकांनी तिला बाजूला सारलं आणि स्वतः भरला. विमानतळावर मी तिला सोडलं. काका सोबत होतेच. उतरताना तिने बॅगेतून एक खोकं काढून त्यांच्या मांडीवर ठेवलं. ब्रेटच्या दुकानातलं, सीलबंद. "हे पुढच्या दिवाळीला. मी येऊन फोडणार. गुडघ्यांचं मी बघते, फिजिओ शोधते तुला. आणि तू उघडायचं नाहीस, ओके?"

काका वाटभर ते खोकं मांडीवर दोन्ही हातांनी धरून बसले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंपणाची फळी बाजूला झाली आणि तिच्यातून एक खोकं धरलेला हात बाहेर आला. मागून काकांचा आवाज. "निखिल, कान लाव. हलव."

मी हलवलं. काहीच आवाज आला नाही.

"ड्रॅगन?" मी विचारलं.

"ड्रॅगन नाही. वजन वेगळं आहे. तिने आत काय ठेवलंय ते मला कळत नाही रे," काका म्हणाले. "चारी बाजूंनी कापूस भरलाय पोरीने. कोपरेसुद्धा सोडले नाहीत. रात्रभर विचारतोय खोक्याला, बोलतच नाही." इतक्या वर्षांत आतला माल ओळखता न आलेला माणूस इतका खूश झालेला मी पाहिला नव्हता.

"मग उघडून बघा ना. तुम्ही परत चिकटवलंत तर कुणाला कळणार आहे?"

हात झटक्यात मागे गेला. फटीतून काकांचा एक डोळा माझ्याकडे रागाने बघत होता. मग तो डोळा खाली वळला, झडपेकडे, आणि काकांनी अंगठा तिच्यावरून अगदी हळू फिरवला.

"रेघ आहे," ते म्हणाले. "तिने हाताने ओढलेली आहे."